हजेरीपट कोणाचा? दप्तर कोणाचे?

दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या माता-भगिनी आपल्या वस्त्यांत अजून आहेत. १९७२ सालची गोष्ट निघाली की मिलोची लाल ज्वारी, सुकडी, पाझर तलाव, नालाबांध हे शब्द त्यांच्या तोंडी आपोआप येतात. आणि आणखी एक शब्द हमखास येतो, हजेरीपट. कोणी त्याला मस्टर म्हणे. कारकून नाव पुकारी, बाई पुढे होई, अंगठ्याला शाई लागे आणि हातावर जे पडे ते पदराच्या टोकाला बांधून ती घरी जाई. पटावर किती दिवस मांडले, किती रुपये मांडले, हे तिला कोणी वाचून दाखवले नाही. तिनेही विचारले नाही. विचारता येते हेच तिला कोणी सांगितले नव्हते.

तो पट बघण्याचा हक्क या देशात कसा आला आणि आपल्या घरांना त्याचा नेमका उपयोग काय, याविषयी आज आम्ही लिहिणार आहोत. माहितीचा अधिकार म्हटला की तो शिकल्या-सवरलेल्या, इंग्रजी पेपर वाचणाऱ्या माणसांचा उद्योग, असा एक समज वस्तीत पक्का बसला आहे. तो साफ खोटा आहे. हा हक्क पहिल्यांदा हट्टाने मागितला तो राजस्थानात रोजंदारीवर माती उपसणाऱ्या बायामाणसांनी!

राजसमंद जिल्ह्यात भीम नावाचे तालुक्याचे गाव आहे. त्या मुलखातल्या देवडुंगरी या लहानशा खेड्यात १९८७ साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह ही माणसे मातीच्या घरात राहायला आली. अरुणाबाई १९६८ साली भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झालेल्या, आणि १९७५ साली ती नोकरी स्वतःहून सोडलेल्या. शंकर सिंह त्याच भागातले, गाणी आणि बाहुल्यांचे खेळ करून गाव गोळा करणारे. यांनी आणि तिथल्या मजूर-शेतकऱ्यांनी मिळून १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन उभे केले.

भांडण मजुरीचे होते. सरकारी कामावर किमान वेतन ठरलेले, हातात पडे त्याहून कमी. मजूर तक्रार करी. साहेब म्हणे, तू तेवढे काम केलेच नाहीस, पटावर तसे लिहिले आहे. मजूर म्हणे, मग पट दाखवा. साहेब म्हणे, पट दाखवता येत नाही, ते सरकारी गुपित आहे!

वाचकहो, हे संभाषण एकदा सावकाश पुन्हा वाचा. आमच्या मते सगळे प्रकरण यातच आहे. माणूस खोटा की खरा हे ज्या कागदावरून ठरायचे, तो कागद त्याच माणसाला बघायची बंदी. इंग्रजांनी १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदा केला तो शत्रूच्या हेरांसाठी. स्वतंत्र देशात तो खडी फोडणाऱ्या बाईला दाखवला जात होता.

संघटनेने एका सज्जन अधिकाऱ्याकडून काही कामांचे कागद मिळवले आणि २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात लोकांना गोळा करून ते मोठ्याने वाचले. याला त्यांनी जनसुनवाई म्हटले. मंडपात सारे गाव बसलेले. पटावरचे एक-एक नाव वाचले जाई आणि लोक उठून सांगत, हा तर मेला. ही कधी कामावर आलीच नाही. हा शहरात नोकरीला असतो. अर्धवट पडलेली सरकारी इमारत कागदावर पूर्ण झालेली होती. यासाठी ना वकील लागला, ना तज्ज्ञ. गावात कोण मेले आणि कोण जिवंत आहे हे गावाइतके कोणाला ठाऊक? कागद एवढे दिवस कपाटात होता आणि साक्षीदार बाहेर उन्हात उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदा दोघांची गाठ पडली. पुढच्या काही महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा, थाना अशा गावांतून जनसुनवाया झाल्या. ग्रामसेवकांच्या संघटना संतापल्या, ते साहजिकच होते.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केले की गावच्या विकासकामांच्या कागदांच्या नकला लोकांना मिळतील. घोषणा झाली, हुकूम निघाला नाही. वर्षभराने निघाला तो असा की कागद बघा, हाताने टिपून घ्या, पण छायाप्रत मिळणार नाही. मजुरांनी तो जागच्या जागी नाकारला. बरोबरच केले! हाताने उतरवलेला कागद कोर्टात काय, चावडीवरसुद्धा कोणी मानत नाही. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात धरणे सुरू झाले, ते ४० दिवस चालले. खेड्यांतून घरटी धान्य आले, बाजारातल्या भाजीवाल्यांनी भाजी दिली. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. त्यानंतर १९९७ मध्ये जयपूरला पुन्हा धरणे, तेही ५० दिवसांच्या वर. आणि शेवटी सरकारने सांगितले काय, तर पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याचा नियम ६ महिन्यांपूर्वीच राजपत्रात छापून झाला आहे! म्हणजे माहिती देण्याचा हुकूमच माहिती न देता दडवून ठेवलेला. हसावे की रडावे?

पुढचे थोडक्यात सांगतो. तामिळनाडू आणि गोव्याने १९९७ मध्ये, राजस्थान आणि महाराष्ट्राने २००० मध्ये आपापले कायदे केले. आपल्या राज्याचा पहिला कायदा अगदीच लुळा होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे त्याच्या जागी दुसरा, बरा कायदा आला. मग संसदेने २००५ साली सबंध देशाचा कायदा केला आणि तो १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला.

दप्तर वाहिले कोणी?

आता आपल्या घरात येऊ. जुन्या गावगाड्यात महाराचे काम काय होते? साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायची, सरकारी टपाल रातोरात पुढच्या गावाला न्यायचे, रयतेला चावडीवर बोलवायचे, आणि शिवेचा तंटा झाला तर हद्द कुठून जाते हे सांगायचे. शिवेच्या बाबतीत महाराची साक्ष मोठी मानत. सारे गाव त्याच्या पायाखालचे आणि त्याच्या डोक्यात. पण लिहिणारा हात कुलकर्ण्याचा. आपल्या बापजाद्यांनी कागद वाहिले आणि आत काय लिहिले आहे ते त्यांना कोणी सांगितले नाही. इतक्या पिढ्या हे चालले की कचेरीच्या पायरीवर आजही आपला माणूस दबकतो. त्यात नवल नाही, पण ते चालूही द्यायचे नाही.

या राबण्याच्या बदल्यात जी जमीन होती ते महार वतन. ही वतने माणसाला रात्रंदिवस सरकारच्या आणि गावच्या दावणीला बांधतात, म्हणून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. त्यात ठरावीक रक्कम भरली की जमीन वतनदाराला परत द्यायची, परंतु नव्या व अविभाज्य शर्तीवर, असे ठरले. म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही, वाटता येत नाही. (हे जुन्या मुंबई राज्यातल्या जिल्ह्यांचे. मराठवाडा आणि विदर्भातल्या इनामांची कायदेशीर कहाणी वेगळी आहे, ती एकत्र करू नये.)

मग झाले काय? कितीतरी घरे तेव्हा मुंबईला गिरणीत, गोदीत, रेल्वेत लागली होती. भरायची रक्कम कोणी भरली, कोणी भरली नाही, कोणाला कळलेच नाही. कोणाच्या जमिनीवर सरकारचे नाव लागले, कोणाच्या जमिनीवर दुसऱ्याचेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातल्या ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांतून गाजला तेव्हा आपल्या अनेक घरांत जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. पेटीत काय निघणार? खरा कागद तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे.

उत्तर मागू नका, कागद मागा

मुंबईत घरकाम करणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. मूळ गाव पश्चिम महाराष्ट्रातले. त्यांनी कोणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन आपल्या तालुक्याला पाठवला होता. त्यात ७ प्रश्न. आमची वतनाची जमीन का गेली? याला जबाबदार कोण? परत कधी मिळणार? प्रश्न रास्त होते, पण २९व्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. ताईंना वाटले कायदाच खोटा.

कायदा खोटा नव्हे, त्याची रीत वेगळी आहे. या कायद्याने कचेरीत जे लिहिलेले, साठवलेले आहे ते मिळते. कारण विचारण्याचा, खुलासा मागण्याचा हा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये तसे स्पष्टच सांगितले आहे. ‘का’ हा शब्द अर्जात आला की साहेबाला पळवाट सापडते. म्हणून विहारात बसून आम्ही ताईंचा दुसरा अर्ज लिहिला. त्यात प्रश्न एकही नाही. अमुक गाव, अमुक गट क्रमांक, जुना सर्व्हे नंबर अमुक, या जमिनीचे १९५० पासूनचे हस्तलिखित सातबारा उतारे, त्यावरच्या सर्व फेरफार नोंदी, गाव नमुना ३ म्हणजे दुमाला जमिनींच्या नोंदवहीतले या जमिनीचे पान, आणि १९५८ च्या कायद्याखाली जमीन परत दिल्याचा आदेश, एवढ्यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. खाली सही, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

२६व्या दिवशी पत्र आले की पाने १९, प्रत्येकी २ रुपयांप्रमाणे ३८ रुपये भरा. त्या १९ पानांत एक फेरफार निघाला. ताईंच्या आजोबांनी जमीन दुसऱ्याला सोडून दिल्याची नोंद, खाली अंगठा, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीचा क्रमांक जिथे हवा तिथे काहीच नाही. जमीन परत मिळाली असे आम्ही लिहू शकत नाही, मिळालेली नाही. प्रकरण प्रांतसाहेबांपुढे आहे आणि तारखा पडत आहेत. पण पूर्वी ताई हात जोडून उभ्या राहत, आता पिशवीतून साक्षांकित प्रत काढून टेबलावर ठेवतात. साहेब ती वाचतो, मग बोलतो.

रीत म्हणून आणखी काही गोष्टी सांगतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा. कागद दुसऱ्या कचेरीत असेल तर ५ दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे त्यांचेच काम आहे, तुम्हाला हेलपाटे घालायला लावता येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेले उत्तर पटत नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. करतो फार कमी वेळा. आणि आयोगापुढे रांगही मोठी, २०२३ मध्ये महाराष्ट्रात १ लाखाहून अधिक अपिले व तक्रारी तुंबलेल्या होत्या. म्हणून पहिलाच अर्ज असा नेमका लिहावा की अपिलाची पाळी येऊ नये.

‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर तर ठरलेलेच. त्याला घाबरू नये. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५ सालचा आहे, त्यात सरकारी कागद बेकायदा नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. फाइल नाही म्हणतात ना, मग ती कोणत्या वर्गाची होती आणि नष्ट केली असेल तर त्या नोंदवहीचे पान द्या, असा दुसरा अर्ज करावा. ‘अ’ वर्गाचे कागद तर कायमचे जपायचे असतात. अनेकदा दुसऱ्या अर्जाने पहिली फाइल सापडते! शिवाय २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती बहुतेक सबबी पुढे करून नाकारता येत नाही, हेही कायद्यातच आहे. वतनाच्या कागदांना ही गोष्ट फार उपयोगी.

जमीन नसलेल्या घरांनाही कागद लागतातच. मुलांच्या जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि आईबाप रडकुंडीला येतात. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गेले नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, हे मागावे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने गावोगावची जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारे बसवले. दप्तर उघडता येते हे तेव्हा साऱ्यांनी पाहिले. रेशनचे तर आणखी सोपे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे रास्त भाव दुकानाच्या नोंदी लोकांना बघायला खुल्या ठेवायच्या असतात. अंत्योदयाच्या कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य. आपल्या कार्डावर पॉस मशीनने किती उचल दाखवली आहे ते भगिनींनी एकदा बघावेच.

आता जे सांगतो ते मन घट्ट करून वाचावे. कागद मागणे काही ठिकाणी जिवावर बेतते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार उघडकीस आणत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. म्हणून गावातल्या बलदंडाच्या जमिनीचे किंवा वाळूचे कागद एकट्याने मागू नयेत. एकाच विषयाचे ५-१० अर्ज वेगवेगळ्या नावांनी जावेत, शक्य तर मुंबई-पुण्याच्या पत्त्यावरून. मिळालेली प्रत त्याच दिवशी चार जणांकडे ठेवावी. मोबाईलवर फोटो काढून पाठवायला आता काही लागत नाही. एका माणसाकडे कागद असला की त्याला धोका असतो, दहा जणांकडे असला की कोणाला मारून उपयोग नसतो.

सरकारही गप्प बसलेले नाही. २०१९ साली माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवण्याचे अधिकार केंद्राने आपल्याकडे घेतले. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या ८व्या कलमातली एक तरतूद बदलली. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहितीच नाकारता येत असे, बदललेल्या शब्दांत ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच म्हटले आहे. जनहितासाठी माहिती देण्याचे उपकलम शिल्लक आहे, परंतु ते वापरायचे की नाही हे साहेबाच्या मनावर. माणसाची खासगी गोष्ट जपावी हे आम्हालाही मान्य आहे. आमच्या भगिनींचा आजार, कोणाचे बँक खाते चव्हाट्यावर यावे असे कोण म्हणेल? पण लाभार्थ्यांच्या यादीतली नावेच झाकली तर काय राहिले? कोट किरानात नावे वाचली नसती तर मेलेला माणूस पटावर काम करतो हे कोणाला कळले असते? अर्ज नाकारताना हे कारण दिले तर पहिल्या अपिलात कलम ८(२) चा उल्लेख करून, ही सरकारी पैशाची यादी आहे आणि ती उघड होण्यात जनहित आहे, असे स्पष्ट लिहावे.

आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. अर्ज न करताही कागद बघता येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत असे सांगितले आहे. त्याची प्रत जवळ ठेवावी, कारण दारावरच्या शिपायाला ते ठाऊक नसण्याचा संभव अधिक. रेकॉर्ड रूममध्ये जाताना पेन, कोरी वही, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली शेताची जुनी नावे आणि वस्तीतली कॉलेजात जाणारी एखादी मुलगी बरोबर असावी. मोडी अक्षराची पाने निघाली तर मागे फिरू नये. त्यांच्याही साक्षांकित प्रती मागून घ्याव्यात, वाचणारा नंतर शोधता येतो.